शुभेच्छुकांची दुसरी ओळ

फ्लेक्सच्या दुकानात बसून मला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी काळ्यांना गोरं केलं, टकलांवर केस लावले, पोटं आत घेतली, आणि ज्यांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा कोट घातला नव्हता त्यांना कोट घातले. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन सख्ख्या भावांना एकाच बॅनरवर हसत उभं केलं. आपण कुणाचं वाईट केलं नाही, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. एकाच माणसाचं केलं, आणि तो माझा नवरा होता.

दुकान कासारवाडीत, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. पुढं काउंटर, मागं मशीन आणि मधल्या प्लायवूडच्या आडोशाला माझा कॉम्प्युटर. शाईचा वास केसांत बसतो तो दोनदा धुऊनही जात नाही. मालक मूळचे पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. फ्लेक्स आला तेव्हा त्यांनी ब्रश धुऊन ठेवले आणि मशीन घेतलं. मी माहेरी परभणीला असताना डीटीपीचा कोर्स केला होता. लग्न होऊन इकडं आले, वर्षभर भाड्याच्या खोलीच्या भिंती बघितल्या आणि मग त्यांच्याकडं लागले.

पहिल्याच आठवड्यात मालकांनी मला बजावलं होतं, "ताई, बाकी काहीही चुकलं तरी चालेल. वाढदिवसाच्या फाइलचे लेयर मर्ज करायचे नाहीत. माणसं फुटतात."

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरवर बॅनर तयार करताना प्रत्येक चेहरा वेगळ्या लेयरवर ठेवतात. पारदर्शक कागद एकावर एक रचावेत तसं. बाजूला सगळ्या लेयरची यादी दिसते, प्रत्येकाला नाव असतं, नावापुढं डोळ्याची खूण असते. डोळ्यावर क्लिक केलं की तो चेहरा गायब, पुन्हा क्लिक केलं की हजर. बाकीच्यांना धक्का लागत नाही. मर्ज केलं की मात्र सगळे कागद मिळून एकच कागद होतो. फाइल हलकी होते, मशीनला ती पटकन उचलता येते. पण ते वरणभात कालवल्यासारखं आहे, भात पुन्हा वेगळा काढता येत नाही.

आणि आमच्या धंद्यात भात सारखा वेगळा काढावा लागतो. दिवाळीला या गटात असलेला माणूस संक्रांतीला त्या गटात जातो. पेपरात बातमी यायच्या आधी मला ती कळते, कारण कुणीतरी येऊन माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून सांगतं, याला काढा. मी डोळ्यावर क्लिक करते आणि वीस वर्षांची मैत्री बंद होते. डिलीट मी करत नाही. तोच माणूस गणपतीपर्यंत परत येईल याची मला खात्री असते.

वाढदिवसाचा फ्लेक्स इथं लग्नपत्रिकेइतका काटेकोर असतो. वर मोठे नेते, गोलात. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, पूर्ण उंचीचा, कानाला मोबाईल लावून चालत येणारा, जणू त्यानं तो फोन उचलला नाही तर शहराचं पाणी बंद होईल. आणि तळाशी शुभेच्छुकांची पट्टी. पट्टीत ओळी असतात. पहिल्या ओळीत मोठे चेहरे, दुसऱ्या ओळीत त्यांच्या मागून छातीपर्यंत दिसणारे आणि तिसरीत नुसती डोकी. कोण कुठल्या ओळीत, यावरून माझ्या टेबलापाशी भांडणं झाली आहेत. एक गृहस्थ तर चौकातल्या फ्लेक्सवर शिडी लावून चढले होते. शेजारच्याचं डोकं त्यांच्यापेक्षा किती मोठं आहे ते त्यांनी वितीनं मोजलं आणि मला येऊन सांगितलं. दुरुस्ती करून द्यावी लागली.

माझे मिस्टर चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. कंपनीत म्हणायचं, कंपनीचे नाहीत. कॉन्ट्रॅक्टवर. सात महिने भरले की ब्रेक. पंधरा-वीस दिवस घरी बसायचं आणि मग दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावानं त्याच गेटमधून आत जाऊन त्याच मशीनवर उभं राहायचं. गेटपास नवा, माणूस जुना. अशी नऊ वर्षं. शेजारच्या मशीनवरचा पर्मनंट माणूस तेच काम करतो, पण त्याचा शर्ट निळा आणि यांचा राखाडी. निळ्या शर्टवाल्याला न्यायला बस येते. राखाडीवाले आपापल्या गाडीवर, नाहीतर सहा सीटर रिक्षात लोंबकळत. एकदा धाकटीनं विचारलं होतं, पप्पा, तुम्हाला निळा रंग आवडत नाही का. त्यांनी तिला बिस्कीट आणायला खाली पाठवलं.

आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. खोली बदलायची तर पर्मनंट झाल्यावर. मोठीला त्या चांगल्या शाळेत घालायचं तर पर्मनंट झाल्यावर. सासूबाईंना गावाकडून आणायचं तर तेही तेव्हाच. सगळं संसाराचं सामान आम्ही जणू त्या एका शब्दामागं नंबर लावून उभं केलं होतं.

तर शेठ. त्यांना सगळे शेठच म्हणतात. इथल्या जुन्या गावातलं घर, भावकी मोठी, जमिनी कारखान्यांत गेलेल्या. आता कंपन्यांना कॉन्ट्रॅक्टवर माणसं पुरवायची आणि निवडणुकीला उभं राहायची तयारी करायची, असे दोन उद्योग. कंपनीत दरवर्षी मोजक्या लोकांना पर्मनंट करतात आणि त्यांची यादी शेठच्या ऑफिसातून जाते, असं सगळे म्हणायचे. खरं-खोटं आम्हाला कोण सांगणार. पण शेठनी एकदा यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "पुढच्या यादीत घालतो तुला." या एका वाक्यावर आम्ही तीन वर्षं काढली.

शेठच्या बॅनरवर यांना मीच नेऊन बसवलं. कुणी सांगितलं नव्हतं. एक शुभेच्छुक फुटला होता, तिसऱ्या ओळीच्या टोकाला जागा रिकामी झाली होती, आणि रिकामी जागा वाईट दिसते. माझ्या मोबाईलमध्ये यांचा एक फोटो होता, दिराच्या लग्नातला, बारीक चौकड्यांचा शर्ट घातलेला. त्या शर्टात ते कॉन्ट्रॅक्टवरचे वाटत नाहीत. मी तो फोटो कापला, बसवला. लेयरला नाव द्यायचं तर नवऱ्याचं नाव टाइप करायला हात धजेना, म्हणून "आमचे" असं लिहिलं. हसू आलं माझंच मला.

शेठचा एक माणूस आहे. बॅनर, मांडव, खुर्च्या, बोलावणी, सगळं तोच बघतो. प्रिंट न्यायला आला तेव्हा त्याची नजर बरोबर टोकाला गेली.

"ह्ये कोण वो वहिनी?"

"आमचे मिस्टर. चाकणला तुमच्याच कॉन्ट्रॅक्टवर असतात."

"ऱ्हाऊ द्या मंग. घरचाच मानूस हाय."

घरचं माणूस म्हटल्यावर घरची कामं आली. चाकणला सुट्टी गुरुवारी. ते सगळे गुरुवार शेठच्या ऑफिसात जाऊ लागले. रक्तदान शिबिराला खुर्च्या मांडायच्या, फ्लेक्स बांधायला खांबावर चढायचं, कुणाच्या दहाव्याला पाण्याचे जार पोचवायचे. ब्रेक असला तर पूर्ण पंधरा दिवस तिथंच. मी कुरकुर केली की म्हणायचे, "डोळ्यासमोर राहावं लागतंय गं. डोळ्यासमोरच्या माणसाचं नाव ध्यानात राहतंय." दुसऱ्या वर्षी शेठच्या माणसानं मला त्यांना दुसऱ्या ओळीत घ्यायला सांगितलं. मधोमध. छातीपर्यंत दिसतील असे.

त्या वर्षी मला काय वाटलं ते लपवत नाही. मला फार बरं वाटलं. चौकात तीस फुटी फ्लेक्स लागला, तेव्हा हे आम्हा सगळ्यांना गाडीवर घालून उगाच त्या चौकातून दोनदा घेऊन गेले. फोटो काढून गावाकडं पाठवला. सासूबाईंनी तो शेजारणीला दाखवून सांगितलं म्हणे, माझा पोरगा तिकडं पुढारी झाला. मी चांगली शिकलेली बाई, रोज अशी पन्नास डोकी चिकटवणारी. तरीही मला त्यातलं एक डोकं खरं वाटू लागलं होतं.

मागच्या वर्षी शुभेच्छुक साठाच्या वर गेले. निवडणूक जवळ आली की शुभेच्छा वाढतात. फाइल एवढी जड झाली की कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी गोठायचा. बाहेर टेम्पो उभा, शेठचा माणूस सारखा घड्याळ दाखवणारा, आणि मालक माझ्या डोक्यावर. "ताई, पट्टी मर्ज करून टाका. नाहीतर मशीन उचलणार नाही."

मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं.

"अहो, कॉपी ठेवा आणि कॉपीचं मर्ज करा. हे मी सांगायला पाहिजे का?"

नको होतं सांगायला. दुसऱ्या नावानं फाइल सेव्ह करायची, ती मर्ज करायची, मूळची तशीच ठेवायची. हे मला झोपेतही जमतं. मी मर्ज केलं, आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं.

गडबडीत चुकलं, असं मी मालकांना सांगितलं. मिस्टरांनाही पुढं तेच सांगितलं. इथं खरं लिहिते. मर्ज झालं तेव्हा बाजूची ती लांबलचक नावांची यादी एका क्षणात मिटली आणि एकच ओळ उरली. "आमचे" कुठंच राहिलं नाही, सगळ्यांत मिसळलं. माझा हात सेव्हवर जाताना थांबला होता. पुरता थांबला होता. आणि माझ्या मनात आलं, की आता यांना कुणी एका क्लिकवर बंद करू शकणार नाही. नऊ वर्षं ज्याला दर सात महिन्यांनी बाहेर काढलं, तो इथं तरी पर्मनंट झाला. एवढा विचार करून, नीट शुद्धीवर असताना, मी बटण दाबलं. शहाणपणाचा मला तेव्हा मोठा गर्व होता.

लोकांनी पाठवलेले मूळ फोटो जागा होत नाही म्हणून आम्ही दर महिन्याला पुसतोच. माझा तो मोबाईल मध्यंतरी पाण्यात पडला. म्हणजे शेठची ती पट्टी आता जशी होती तशीच, एकसंध, एवढीच उरली होती.

यंदा वाढदिवसाच्या पंधरा दिवस आधीच्या गुरुवारी यांनी शेठना विचारलं. ऑफिसात वीसेक माणसं होती. घरी येऊन त्यांनी मला शब्द न् शब्द सांगितला. "शेठ, तीन वर्षं झाले. औंदा नाव लागंल का नाही, एवढं सांगून टाका, म्हणजे मला दुसरीकडं हातपाय हलवता येतील." यात उद्धट काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. शेठ हसले, चहा घे म्हणाले. यांनी चहा घेतला. मला वाटलं, झालं, विषय निघाला हे बरंच झालं. यंदाची यादी वाढदिवसानंतर जाणार, असं ऑफिसातच कुणीतरी यांना सांगितलं होतं.

वाढदिवस रविवारी होता. त्याच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमारास, शेठचा माणूस दुकानात आला. प्लास्टिकचं स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला.

"मागल्या वर्सीचीच फाइल काढा, वहिनी. तारीख बदला. वरचा तो दुसरा गोल काढा, तो सायब आता आपला न्हाई. आन दुसऱ्या वळीतला तेवढा एक काढायचा."

त्यानं नखानं स्क्रीनवर टिचकी मारली. बरोबर चौकड्यांच्या शर्टावर.

"हा?" मी विचारलं. मला वाटलं नख घसरलं असेल.

"व्हय." तो माझ्याकडं बघत नव्हता. "शेठचा निरोप हाय. माज्यावर राग धरू नका. मानसानं चार लोकांत तोंड सांभाळावं. त्याच्या जागी ह्येन्ला घ्या." आणि त्यानं मोबाईल पुढं केला. चाळिशीचा एक ट्रान्सपोर्टवाला, टेम्पो आणि जेसीबी असणारा. पासपोर्टचा फोटो, गळ्यापर्यंतच.

"मर्ज झालंय हे," मी म्हणाले. "निघत नाही कुणी आता."

हे बोलताना मला आनंद झाला होता, तोही लिहून ठेवते. एका वर्षापूर्वीच्या माझ्या हुशारीचं फळ हातात पडल्यासारखं वाटलं. त्याला मर्ज कळेना. त्यानं मालकांना हाक मारली. मालक आले, बघितलं, आणि चष्मा वर करून माझ्याकडं एकदा बघितलं. मग त्यांनी त्याला समजावलं, की सगळे चेहरे एकमेकांना चिकटलेत, एक काढला की तिथं भोक पडेल.

"मंग भोक बुजवा की."

"तिथं फुलांचा गुच्छ टाकू का?" मी म्हणाले. माझ्या परीनं मी वाट काढत होते. गुच्छाखाली हे राहिले असते. निदान कुणी त्यांच्या जागी तरी बसलं नसतं.

"गुच्छ नगं. गुच्छ टाकला की लोकं इचारत्यात, हितं कोन व्हतं." त्यानं जरा विचार केला. "आवो, नुसतं मुंडकं बदला ना. धड कुनाचंबी असूद्या, धडाकडं कोन बघतंय."

हे आम्ही रोज करतो. ज्याचा फोटो गळ्यापर्यंत असतो त्याला कुणाचं तरी धड लावतो, पांढरा कुर्ता आणि जाकीट घातलेली दहा-बारा धडं माझ्याकडं तयारच असतात. त्यामुळं त्याच्या बोलण्यात त्याला काही वाईट दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही दिसलं नाही. माझं डोकं लगेच कामाला लागलं, की मान जुळेल का, उजेड कुठल्या बाजूनं आहे. मग माझं मलाच लक्षात आलं मी कुणाच्या मानेचा विचार करते आहे.

मालक हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही उठा. मी करतो."

उठायला हवं होतं. पर्स उचलून घरी जायला हवं होतं. पण माझ्यासमोर ती यादी होती. आज मी उठून गेले तर हा माणूस जाऊन सांगणार, की नवरा तोंड चालवतो आणि बायको काम अडवते. मग यादीतून नाव गेलंच. आणि मुकाट्यानं केलं तर शेठचा राग यांच्या डोक्यावरून निघून जाईल, एका फ्लेक्सवर भागेल. फ्लेक्स महिन्याभरात उतरतो. नोकरी जन्माची असते. असा हिशेब मी त्या स्टुलाशेजारी बसून अर्ध्या मिनिटात केला, आणि तो मला बरोबर वाटला.

"मी करते," मी म्हणाले.

अर्ध्या तासाचं काम होतं. ट्रान्सपोर्टवाल्याचं डोकं कापून घेतलं, यांच्या डोक्यावर ठेवलं. यांचा डावा कान बाहेर दिसत होता, म्हणून डोकं थोडं मोठं केलं. मग केस दिसायला लागले, ते मागच्या माणसाच्या शर्टाच्या रंगानं झाकले. मानेचा रंग जुळेना. हे सावळे, तो उजळ. त्याला सावळं करून चालणार नव्हतं, म्हणून यांची मान गोरी केली. मऊ ब्रशनं कडा पुसली. कॉलरच्या आत थोडी सावली टाकली. शेठचा माणूस शेजारी बसून टपरीवरचा वडापाव खात बघत होता. "आयला, भारी," तो म्हणाला. मला मान हलवावी लागली.

अजूनही ते डोकं वेगळ्या लेयरवर होतं. त्याच्यापुढचा डोळा बंद केला की खाली हे होते, तसेच हसणारे. मी एकदा बंद करून बघितलं. पुन्हा चालू केलं.

"आता चिकटवून टाका ह्येबी," तो म्हणाला. "पुन्यांदा हलाय नगं."

मर्ज केलं की वरचं राहतं आणि खालचं जे झाकलेलं असतं ते पुसलं जातं. कुठंही उरत नाही. हे मला चौदा वर्षं माहीत होतं. मी मर्ज केलं, आणि या वेळी सेव्ह करताना हात थांबला नाही.

पुढं आठ-दहा दिवसांनी तो ट्रान्सपोर्टवाला स्वतः दुकानात आला होता. फोटोत आपण बारीक दिसतो म्हणून खूश होता. पुढच्या वेळी असाच ठेवा म्हणाला. मी ठेवते म्हटलं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी यांना सांगणार होते. पोळ्या करताना शब्दसुद्धा जुळवले होते. मग वाटलं, शनिवारी सांगू. शनिवारी ते पहिली शिफ्ट करून आले आणि शेठला द्यायचा हार कुठला घ्यावा यावर बोलत बसले, झेंडूचा की गुलाबाचा. मी गुलाबाचा म्हणाले. एवढंच बोलणं झालं.

रविवारी ते शिफ्ट संपवून हार घेऊन थेट मांडवात गेले. फ्लेक्स मांडवाच्या दारातच होता. त्यांनी आधी स्वतःला शोधलं, सापडेना, म्हणून जवळ गेले. शर्ट ओळखला. तोवर मागून शेठ आले होते, सोबत सगळा गोतावळा. शेठनी हार गळ्यात घालून घेतला आणि फ्लेक्सकडं बोट करून म्हणाले, "बघतो काय? हायेस की तू. धड तुजंच हाय." सगळे हसले. शेठच्या माणसानं वर सांगितलं, "वहिनींनीच बसवलंय, झ्याक बसवलंय." मग आणखी हसले.

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, संध्याकाळी सहा-साडेसहाला, घरी येऊन हातपाय धुऊन बसल्यावर. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता, अर्धा त्यांच्यावर, अर्धा शेठवर, आणि सगळं थोडं सोपं झालं असतं. मुली टीव्ही बघत होत्या. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. फ्लेक्सचा फोटो काढून आणला होता. दोन बोटांनी तो मोठा केला, मान दिसेपर्यंत.

"जोड कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी बोटानं दाखवलं. कॉलरच्या थोडं वर, डावीकडून अशी गेलीय.

ते बराच वेळ बघत राहिले. मोबाईल तिरका केला, उजेडाखाली धरला. "दिसंनाच," म्हणाले. "चांगलं काम केलंस."

टोमणा असता तर मला कळला असता, पंधरा वर्षांच्या संसारात तेवढं कळतं. टोमणा नव्हता. मी काय काम करते ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं होतं. मला रडू आलं आणि मी घाईघाईनं, एका दमात सगळं सांगून टाकलं. की मी यादीसाठी केलं. मी नाही म्हणाले असते तर त्यांनी यादीतून नाव काढलं असतं. आता तरी राग निवला असेल, अजून यादी जायची आहे, तुम्ही उद्या जाऊन शेठच्या पाया पडा.

त्यांनी मला बोलू दिलं. मग मोबाईल बंद करून उपडा ठेवला.

"यादी मंगळवारीच गेली गं," ते म्हणाले. "आज तिथं कळलं. माझं नाव नव्हतंच त्यात. तुझ्याकडं तो माणूस आला त्याच्या तीन दिवस आधी."

टीव्हीचा आवाज जरा कमी करा, असं त्यांनी मुलींना सांगितलं आणि मला जेवायला वाढायला सांगितलं.